उपाशी शहराच्या काचेवर

(युवक अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोललं तसंच ठेवलंय, दोनदा आलेलं एकदा केलंय एवढंच.)



पत्रकात माझ्या नावापुढं 'कवी' छापलंय म्हणून काहीजण कविता ऐकायला आलेत. कविता पुढच्या वेळी. आज पोस्टरवर बोलायचंय. आपल्या नाक्यावरच्या फ्लेक्सवर नव्हे. ज्या फ्लेक्सवर बाबासाहेब कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढे आणि वॉर्डाचा पुढारी हात जोडून दहा फुटी, त्याच्यावर काय बोलायचं? ते स्वतःच स्वतःचं व्यंगचित्र आहे. मी बोलणार आहे रशियातल्या यादवी युद्धातल्या पोस्टरांवर. लाल विरुद्ध पांढरे. लाल म्हणजे बोल्शेविकांची फौज. पांढरे म्हणजे झारच्या फौजेतले जुने सेनापती, जमीनदार, मालक, आणि त्यांना बंदुका-दारूगोळा पुरवणारी इंग्लंड, फ्रान्स, अमेरिकेची सरकारं. १९१८ ते १९२१ हे युद्ध पेटलेलं होतं. अतिपूर्वेला तर १९२२ पर्यंत धुमसत राहिलं.

कुणी म्हणेल, आपलं काय तिथं? आपल्याला बुद्ध आहे, बाबासाहेब आहेत, लेनिन कशाला? हा वाद आपल्या घरात जुना आहे. १९७४ साली पँथर फुटली तेव्हाही तो होता, आणि तो आज मी इथं मिटवणार नाही. मार्क्सवादी व्हा असं सांगायला मी उभा नाही. खिशात पैसा नाही, हातात छापखाना नाही, समोरच्या माणसाला वाचता येत नाही, अशा वेळी राजकारण रस्त्यावर कसं मांडलं गेलं ते मला बघायचंय. आणि हसवता हसवता त्या हसण्यानं कुणाकुणाची मान कापली तेही बघायचंय. दोन्ही आपल्या कामाचं आहे.

तर मॉस्को, १९१९ चा ऑक्टोबर. पांढऱ्यांचा सेनापती डेनिकिन ओर्योल शहरात घुसलाय. तिथून मॉस्को साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. त्याच महिन्यात दुसरा सेनापती युदेनिच पेत्रोग्रादच्या वेशीवर. शहरात पाव रेशनवर, तोही पुरा नाही. जळण नाही म्हणून लोक कुंपणाच्या फळ्या आणि घरातलं लाकूडसामान चुलीत घालतायत. टायफसनं माणसं मरतायत. कागद एवढा दुर्मिळ की वर्तमानपत्रं भिंतीला चिकटवलेली, ज्याला येतं त्यानं उभ्यानं वाचायची. आणि दुकानं रिकामी. मालच नाही तर दुकानदार काचेत मांडणार काय?

त्या रिकाम्या काचा मिखाईल चेरेम्निख नावाच्या चित्रकाराला दिसल्या. 'रोस्टा' म्हणून सरकारी तार-बातमी संस्था होती, १९१८ साली निघालेली. तिच्यासाठी त्यानं हातानं रंगवलेलं एक मोठं चित्र एका रिकाम्या दुकानाच्या काचेत लावलं. पाव नाही, साखर नाही, चित्र आहे. लोक थांबले. बघायला लागले. मायकोव्हस्की हे नाव तुम्ही ऐकलेलं असेल. कवी, तेव्हा सव्वीस वर्षांचा, धिप्पाड, आवाज भोंग्यासारखा. तो ते बघून सरळ रोस्टाच्या दारात गेला आणि कामाला लागला. पुढं माल्युतिन आला, आणखी पुष्कळ आले. ह्या पोस्टरांना नावच पडलं 'रोस्टाच्या खिडक्या'. १९२२ च्या सुरुवातीपर्यंत मॉस्कोत अशा जवळजवळ सोळाशे खिडक्या निघाल्या. त्यातली शेकडो चित्रं मायकोव्हस्कीनं स्वतः काढली आणि बहुतेक मजकूर त्यानंच लिहिला.

आता हे काम चालायचं कसं, ते मी जरा सावकाश सांगणार. मला त्यातच रस आहे.

तार यायची. आघाडीवर अमुक गाव पडलं, तमुक पूल उडवला, पोलंडनं हल्ला केला, कोळसा कमी आहे, अमुक भागात पटकी आहे. ती बातमी वर्तमानपत्रात छापून येण्याआधीच तिचं चित्र व्हायचं. मायकोव्हस्कीनं नंतर लिहून ठेवलंय की चाळीस मिनिटं ते तासाभरात बातमी रंगीत होऊन रस्त्यावर लटकायची. एका पोस्टरात चार, आठ, कधी बारा चौकटी. प्रत्येक चौकटीखाली यमक जुळवलेली एक-दोन ओळींची टवाळी. चौकटीमागून चौकट वाचत गेलं की गोष्ट पुरी. पोस्टर माणसाच्या उंचीचं, काही त्याहून मोठं. खोलीत शेगडी असून नसल्यासारखी, तिच्या धुरानं डोळ्यांत पाणी. मायकोव्हस्की झोपायचा तेव्हा उशीऐवजी लाकडाचा ओंडका डोक्याखाली घ्यायचा. उशी मऊ असली तर माणूस जास्त झोपतो आणि पोस्टर राहतं! आमच्यातले कवी उशिरा उठून क्रांतीवर लिहितात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम सांगितलं.

आणि छपाई? छपाई नव्हतीच. मूळ चित्र झालं की ते पुठ्ठे कापणाऱ्यांकडं जायचं. ते प्रत्येक रंगासाठी वेगळा पुठ्ठा कापायचे. लाल रंग जिथं लागायचा तेवढीच भोकं एका पुठ्ठ्यात, काळ्याची दुसऱ्यात. पुठ्ठा कागदावर ठेवायचा, सरसाच्या रंगाचा ब्रश फिरवायचा, उचलायचा, दुसरा ठेवायचा. अशा डझनावारी, पुढं पुढं शंभरावर प्रती हातानं निघायच्या. लिली ब्रीक रंग भरायची. प्रती रेल्वेनं दुसऱ्या शहरांना जायच्या, तिथं त्यांच्यावरून आणखी पुठ्ठे. पेत्रोग्रादमध्ये लेबेदेव आणि कोझलिन्स्की हे लिनोलियम कोरून ठसे काढायचे, तिकडची चित्रं वेगळी, जास्त अंगापिंडाची. ओडेसालाही हेच काम चाललेलं.

गोदीत काम करणाऱ्याला हा पुठ्ठा समजावून सांगावा लागत नाही. पेट्यांवर, पिंपांवर, गोणींवर अशीच कापलेल्या साच्यातून काळी खूण मारलेली असते. छत्री काढली असेल तर पाण्यापासून लांब ठेव. प्याला असेल तर आपटू नको. दोन बाण वर असतील तर उलटी करू नको. टोळीतल्या अंगठेबहाद्दरालाही हे कळतं. उरणचा असो, बिहारचा असो. त्याच पेटीवर इंग्रजीत चार ओळी असतात त्या मुकादमसुद्धा वाचत नाही. ज्या चित्रावर कुणाची पाठ मोडायची की वाचायची हे ठरतं, ते चित्र साधं लागतं. रोस्टाच्या पोरांनी हे ओळखलं होतं. म्हणून त्यांची माणसं कशी, तर कामगार सगळा लाल, एका रंगात, नाकडोळे नसले तरी चालतील. भांडवलदार म्हणजे उंच काळी टोपी आणि पोट. पांढरा सेनापती म्हणजे खांद्यावरच्या झालरी आणि मिशा. शंभर पावलांवरून ओळखता आला पाहिजे.

रशियात १८९७ साली जनगणना झाली, त्यात शंभरातले एकवीस लोक साक्षर होते. बाया त्याहून कमी, खेड्यात त्याहून कमी. अशा देशात तुम्ही काय अग्रलेख लिहिणार? अलेक्सेई रादाकोव्हचं १९२० चं एक पोस्टर आहे. डोळ्यांवर पट्टी बांधलेला, फाटक्या कपड्यातला माणूस हात पुढं करून कड्याच्या टोकावरून पुढं पाऊल टाकतोय. निरक्षर माणूस म्हणजे आंधळा, एवढाच अर्थ. ते बघताना मला जोतीराव आठवले, अजून कुणाकुणाला आठवतील. फरक एवढाच की तिकडं १९१९ च्या डिसेंबरात सरकारनं फर्मान काढलं, सगळ्यांनी लिहायला-वाचायला शिकायचं. आपल्याकडं जोतीरावांना शाळेसाठी घर सोडावं लागलं.

हे सगळं हवेतून पडलं नाही. रशियात 'लुबोक' म्हणून जुनी लोकांची चित्रं होती. लाकडी ठशावरून काढलेली, भडक रंगवलेली, जत्रेत विकली जाणारी. खाली चार शब्द. शेतकरी ती झोपडीत चिकटवायचे. त्यातलं एक प्रसिद्ध आहे: उंदीर मांजराची मयत काढतायत. वाजतगाजत. पुष्कळांनी ती पीटर राजाची मयत म्हणून वाचली. जिवंत राजाची टवाळी करता येत नव्हती म्हणून मेलेल्या मांजराची! मायकोव्हस्कीनं हीच लुबोकची तऱ्हा उचलली. आणि खरं तर त्यानं ती आधीच वापरून बघितली होती. १९१४ साली महायुद्ध सुरू झालं तेव्हा तो आणि मालेविच जर्मनांची टवाळी करणारी असली चित्रं काढत होते, झारच्या युद्धासाठी. हे लपवायचं कारण नाही. हत्यार हातात बसलेलं होतं, पाच वर्षांनी त्यानं तोंड फिरवलं.

आपल्याकडं हेच काम जलशानं केलं. सत्यशोधक जलशात भट यायचा, सावकार यायचा, लोक पोट धरून हसायचे आणि हसता हसता त्यांच्या डोक्यातली भीती ढिली व्हायची. पुढं भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा आला. तिथंही अडाण्यासाठी अडाणी झालेली भाषा नव्हती. लोकांची होती. मग आमचे काही समीक्षक म्हणणार, हे प्रचारी आहे, ह्याला कला म्हणता येत नाही. म्हणू द्या. ह्यांच्या कलेला ऐंशी वर्षांत मांजराची एक मयत काढता आली नाही.

आता चित्रात काय असायचं ते बघू. रोस्टाच्या खिडक्यांशिवाय छापील पोस्टरंही होती. त्यात दोन नावं मोठी. दिमित्री मूर आणि व्हिक्टर डेनी. डेनीचं १९१९ चं एक पोस्टर: तीन लठ्ठ साहेब, अमेरिका, फ्रान्स, इंग्लंड. त्यांच्या हातात साखळ्या आणि साखळीला तीन कुत्रे. कुत्र्यांची नावं डेनिकिन, कोल्चाक, युदेनिच. बास. परराष्ट्र धोरणावरचं पुस्तक वाचायला नको, कोण भुंकतंय आणि कोण भुंकवतंय ते एका नजरेत. जाताजाता सांगतो, त्या इंग्लंडवाल्याच्या हातात आणखी एक साखळी होती जी डेनीनं काढली नाही. १९१८ साली ट्रान्सकास्पियाच्या वाळवंटात बोल्शेविकांविरुद्ध लढायला इंग्रजांनी १९ व्या पंजाबी पलटणीचे शिपाई पाठवले होते. कुणाचं भांडण, कुणाचं रक्त.

सगळ्यात जास्त गाजलेलं पोस्टर १९२० चं. चेरेम्निखच्या चित्रावरून डेनीनं काढलेलं. पृथ्वीच्या गोळ्यावर लेनिन उभा आहे, हातात झाडू, आणि तो राजे, पाद्री, भांडवलदार ह्यांना पृथ्वीवरून झाडून टाकतोय. चित्र मजेशीर आहे. जगभर छापलं गेलंय. पण मित्रांनो, माझी नजर दरवेळी झाडूवर अडते. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याच्या कमरेला झाडू बांधायला लावायचे, त्याची पावलं त्यानंच पुसत जायची, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे निर्मूलन' मध्ये लिहिलंय. आजही ह्या शहराच्या पहाटे झाडू कुणाच्या हातात असतो ते तुम्हाला माहीत आहे, तुमच्यातल्या काहींच्या घरातच असतो. डेनीला झाडू म्हणजे साफसफाईचं अवजार. लेनिनच्या हातात झाडू आल्यानं लेनिन लहान होत नाही, झाडू मोठा होतो. आपल्याकडं कुठल्याही मोठ्या पुढाऱ्यानं फोटोपुरता झाडू हातात घेतला तर पुढारी आणखी मोठा होतो आणि झाडणारा आहे तिथंच राहतो. तेव्हा हे चित्र जसंच्या तसं उचलून इथं चिकटवता येणार नाही. वस्तू तीच, तिच्यावरचा घाम वेगळा.

दुसरं उदाहरण. रशियन समाजवाद्यांकडं एक जुनं चित्र होतं, निकोलाय लोखोव्हचं १९०१ चं. समाजाचा मनोरा. वर झार, त्याच्याखाली मंत्री, मग पाद्री, मग बंदुका घेतलेले सैनिक, मग मेजावर खाणारेपिणारे श्रीमंत, आणि सगळ्यात खाली तो सगळा डोलारा पाठीवर घेतलेले कामकरी. यादवी युद्धाच्या काळात ह्याच कल्पनेच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या: झार, पाद्री आणि श्रीमंत, तिघं कष्टकऱ्यांच्या खांद्यावर. आता योगायोग बघा. ३१ जानेवारी १९२० ला मुंबईत 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. त्यात बाबासाहेबांनीही मनोराच मांडला. हिंदू समाज म्हणजे मजल्यांचा मनोरा, एकेक जात एकेक मजला, आणि मजल्यांना जोडणारा जिना नाही. तिकडं युद्धात भिंतीवर मनोरा, इकडं त्याच काळात कागदावर मनोरा. पण दोन्ही मनोरे एक नाहीत. लोखोव्हच्या चित्रात तळाचे सगळे एकाच ओळीत आहेत, एकदम पाठ ताठ केली की वरचा डोलारा कोसळणार. आपल्या मनोऱ्यात तळालाही मजले आहेत. तळातला माणूस वरच्याला शिव्या देतो आणि खालच्याच्या डोक्यावर पाय घट्ट रोवून उभा राहतो. उंच टोपीवाला लठ्ठ माणूस काढून आपलं व्यंगचित्र पुरं होत नाही ते ह्यासाठी. आपल्या चित्रात टोपी प्रत्येकाच्या डोक्यावर थोडी थोडी आहे.

आता उलट्या बाजूला येतो. पांढरेही पोस्टर काढत होते. डेनिकिनच्या फौजेचं प्रचारखातं होतं, 'ओस्वाग'. त्यांचं १९१९ चं एक पोस्टर आहे, सोव्हिएत राज्यातली शांतता आणि स्वातंत्र्य असं त्याचं नाव. क्रेमलिनच्या भिंतीवर ट्रॉट्स्की बसलाय. उघडा, अंगभर लाल, केसाळ, राक्षसासारखा. गळ्यात ताऱ्याची माळ. खाली कवट्यांचा ढीग आणि चिनी शिपाई गोळ्या घालतायत. ट्रॉट्स्की लाल फौजेचा प्रमुख होता, त्याच्यावर टीका करायला जागा भरपूर होती. पण हे चित्र तो काय करतो त्यावर नाही. तो ज्यू आहे, त्यावर आहे. नाक, ओठ, केस. हे बघून गावातल्या माणसानं ट्रॉट्स्कीला कुठं शोधायचं? ट्रॉट्स्की आगगाडीत, चिलखती गाडीत. सापडतो तो शेजारचा ज्यू शिंपी, ज्यू किराणावाला. १९१९ च्या सप्टेंबरात फास्तोव्ह गावात डेनिकिनच्या शिपायांनी ज्यूंची कत्तल केली. त्या वर्षांत युक्रेनमध्ये मारलेल्या ज्यूंचा अंदाज पन्नास हजारांपासून लाखाच्या पलीकडं जातो. मारणारे फक्त डेनिकिनचे नव्हते, पेत्लुराचे होते, टोळीवाले होते, काही ठिकाणी लाल पलटणीही होत्या. पोस्टरानं मारलं असं मी म्हणत नाही. पोस्टरानं चेहरा दाखवून ठेवला.

गंमत अशी की त्याच ट्रॉट्स्कीचा डेनीनं संत जॉर्ज केला. पांढऱ्या घोड्यावर, भाला घेऊन उंच टोपीवाल्या सापाला मारतोय. एकीकडं राक्षस, दुसरीकडं संत. आणि दहा वर्षांच्या आत लाल राज्यातच तो नकोसा झाला, देशाबाहेर हाकलला, फोटोंतून खोडला.

व्यंगचित्राची ही दुसरी बाजू आपल्याला शिकवायला कुणी नको. आपण त्या बाजूला राहिलेलो आहोत. १९४९ साली शंकरनं बाबासाहेबांना गोगलगाईवर बसवलं, मागं नेहरू चाबूक घेऊन. ते चित्र अकरावीच्या सरकारी पाठ्यपुस्तकात होतं. २०१२ साली संसदेत गदारोळ झाला आणि ते काढलं. तेव्हा सगळे शहाणे म्हणाले, दलितांना विनोद कळत नाही. पुढं २०१९ मध्ये उन्नमती श्याम सुंदर ह्यांनी १९३२ ते १९५६ मधली बाबासाहेबांवरची शंभराहून अधिक व्यंगचित्रं एका पुस्तकात एकत्र केली. ती एकामागून एक बघा. कुठं बुटका काढलाय, कुठं बाई म्हणून काढलाय, कुठं रडका पोर. घटनेचा मसुदा लिहिणारा माणूस! एक चित्र विनोद असतं. शंभर चित्रं एकाच दिशेनं गेली की ती सवय असते. विनोद कळतो आम्हाला, चांगला कळतो. हसणारा कुठल्या मजल्यावर उभा आहे तेही कळतं.

मग लालांच्या टवाळीचं काय? ती खालून वर फेकलेली होती म्हणून सगळी माफ? मला तसं वाटत नाही. १९१९-२० च्या कितीतरी पोस्टरांच्या तळाला बारीक अक्षरात एक धमकी छापलेली असायची: हे पोस्टर फाडणारा किंवा झाकणारा क्रांतीचा शत्रू समजला जाईल. विचार करा. वर लोकांनी हसायचं चित्र, खाली लोकांना दम. जो हसणार नाही त्याची नोंद होणार. भट जलशात बसून तोंड वाकडं करायचा, त्याला कुणी गोळी घातली नाही.

आणि कुलक. कुलक म्हणजे गावातला बडा शेतकरी, सावकारी करणारा. पोस्टरात तो लठ्ठ, जाकीट घातलेला, धान्याच्या पोत्यावर बसलेला. १९१९ मध्ये सरकारनं सक्तीची धान्यवसुली सुरू केली तेव्हा ह्या चित्राचा उपयोग झाला. गावात खरे सावकार होते, खोटं नव्हतं ते. पण पोट काढलं की माणूस ओळखू येतो, ही सवय वाईट. पुढं एक-दोन गायी असलेलाही कुलक ठरू लागला. १९३०-३१ मध्ये कुलक म्हणून सुमारे अठरा लाख माणसं बायकापोरांसकट उठवून सैबेरियाकडं, उरलकडं नेली. पोरांना पोट कुठलं?

१९२१ ला दुष्काळ पडला, व्होल्गाच्या खोऱ्यात सगळ्यात वाईट. पाऊस नव्हता, पण धान्यवसुलीनं कोठारंही झाडून नेलेली होती. पन्नास लाखांच्या आसपास माणसं गेली. ज्या मूरनं 'व्रांगेल अजून जिवंत आहे, त्याला दयामाया न दाखवता संपवा' अशा अर्थाचं पोस्टर काढलं होतं, त्यानंच तेव्हा एक काढलं. पूर्ण काळा कागद. मधे एक म्हातारा शेतकरी, हाडं, पांढरा सदरा, दोन्ही हात वर. मागं मोडलेलं एक कणीस. आणि एकच शब्द: मदत करा. त्यात टवाळी नाही, उंच टोपी नाही, शत्रू नाही. मला विचाराल तर ह्या सगळ्या ढिगातलं सगळ्यात मोठं चित्र हे. आणि मदत कुणी केली? ज्या अमेरिकेला साखळी धरलेली काढली होती तिच्या मदतसंस्थेनं १९२२ च्या उन्हाळ्यात रोज एक कोटीच्या आसपास माणसांना जेवू घातलं. भांडवलदार देवमाणूस आहे असा ह्याचा अर्थ नाही. पोस्टरात मावत नाही असं पुष्कळ उरतं, एवढाच.

बाबासाहेबांनी १९५६ साली बुद्ध आणि मार्क्स ह्यांची तुलना केली तेव्हा त्यांचा रोख साधनांवर होता. दुःख आहे, शोषण आहे, हे दोघांना मान्य. पण बळजबरीनं बदललेलं, बळ काढलं की टिकेल का? मी ही पोस्टरं तो प्रश्न खिशात ठेवून बघतो. क्रोनश्टाटचे खलाशी १९१७ पासून क्रांतीचा अभिमान होते. १९२१ च्या मार्चमध्ये त्यांनी मोकळ्या निवडणुका मागितल्या तर तेच शत्रू ठरले आणि बर्फावरून फौज पाठवून त्यांना चिरडलं. लाल रंगाचा माणूस रातोरात काळा रंगवायचा तर पुठ्ठा तोच राहतो. फक्त डबा बदलायचा.

मायकोव्हस्कीनं १९३० च्या एप्रिलमध्ये स्वतःला गोळी घातली. त्याआधी त्यानं ह्या खिडक्यांचा एक संग्रह तयार केला होता, तो त्याच्या मागं १९३२ ला निघाला. मूळ खिडक्या फार थोड्या उरल्या. रस्त्यावर लावलेल्या, पावसाबर्फात भिजलेल्या, वर दुसरी चिकटवलेल्या. ज्या कामासाठी केल्या त्या कामात संपल्या. त्याचं मला वाईट वाटत नाही. माझ्या कवितांचं असं झालं तर चालेल.

बोलणं पुष्कळ झालं. आता कामाचं. गटारात उतरून गुदमरून मेलेल्या पोरांवर आपण पहिली खिडकी करणार आहोत. डोक्यावरून मैला वाहायला बंदी घालणारा कायदा १९९३ ला झाला, मग २०१३ ला आणखी कडक झाला, आणि माणसं मरायची थांबलेली नाहीत. माझ्या डोक्यात चार चौकटी आहेत. पहिलीत साहेब कागदावर सही करतोय: यंत्र आहे. दुसरीत कंत्राटदार, त्याच्या हातात यंत्राचं बिल. चौथीत उघडं झाकण आणि बाजूला चपलांचा एक जोड, बाकी काही नाही. मेलेल्या माणसाचं तोंड काढायचं नाही, त्याच्या आईनं ते रस्त्यावर बघायला नको. राहिली तिसरी. तिसरीत मुकादम येतो, आणि तो मुकादम आपल्याच वस्तीतला, आपल्याच जातीचा असतो, दोनशे रुपये कापून पोराला आत सोडणारा. त्याला काढायचं की नाही, काढला तर पोट काढायचं की नाही, ह्यावर आपलं भांडण होणार आहे. एकजण तर आत्ताच मान हलवतोय. ते भांडण रविवारी सकाळी करू. पुठ्ठा मी आणतो, गोदीत रद्दीतला मिळतो, जाड असतो. ब्लेड ज्याचं त्यानं आणावं. रंगाला प्रत्येकी वीस रुपये, आणि ज्याच्याकडं नसतील त्यानं सरस उकळायचा.